चि. सईस, हजेरीबाबत

कोल्हापूर,
रविवार, दि. ११ जानेवारी २०२६

चि. सई हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

मंगळवारी रात्री फोनवर आपले जे झाले त्यानंतर तुझी आई माझ्याशी कामापुरतेच बोलते आहे. चहाचा कप पुढे ठेवते, पण ‘घ्या’ म्हणत नाही. मी तुला जे बोललो ते तिने स्वयंपाकघरातून ऐकले होते, आणि फोन ठेवल्यावर तिने एवढेच विचारले की पोरीने सल्ला मागितला होता की परवानगी. मला त्याचे उत्तर देता आले नाही. फोनवर माझा आवाज चढतो आणि तुझा बंद होतो, हे आपल्या दोघांचे जुने आहे, म्हणून हे कागदावर लिहितो आहे. ३५ वर्षे कागदावरच गेली. तिथे मला थोडे बरे सुचते.

आधी प्रकरण मला नीट समजले आहे की नाही ते पाहा. तुझ्या कंपनीने डिसेंबरपासून हजेरीसाठी एक नवे ॲप सर्वांना आपापल्या फोनवर घालायला सांगितले आहे. सकाळी त्यात चेहरा दाखवायचा, आणि नंतर फोन कोठे कोठे आहे हे ते दिवसभर, रात्री आणि सुटीच्या दिवशीही परस्पर कळवत राहणार. तू कळवलेस की दारावर कार्ड लावून आत जाते ती नोंद कंपनीकडे आहेच. ती पुरत नसेल तर कंपनीने स्वतःचा फोन द्यावा, मी तो संध्याकाळी ऑफिसच्या खणात ठेवून घरी येईन. त्यावर ‘आपण सहकार्य का करीत नाही याचा खुलासा करावा’ अशी ईमेल आली असून मुदत येत्या शुक्रवारपर्यंत आहे. बरोबर?

यावर मी म्हणालो, ‘सही करून टाक आणि गप्प बस.’ वर तुझ्या शैक्षणिक कर्जाचा जामीनदार मी आहे, हेही काढले. ते काढायला नको होते. कर्जाचे १४ हप्ते राहिले आहेत आणि आजवर त्यातला एकही तू चुकवलेला नाहीस, हे पासबुकावरून ठाऊक असताना काढले, म्हणून जास्तच वाईट. तुझे नाव सई ठेवले तेव्हा बापूकाका म्हणाला होता की हापिसातल्या माणसाला पोरीचे नाव ठेवतानाही सहीच सुचली. त्या विनोदाचा मला २७ वर्षांनी राग येईल असे वाटले नव्हते.

मला भीती वाटते ती एकाच गोष्टीची, आणि ती म्हणजे शेरा. नोकरी गेली तर दुसरी मिळेल. तुझ्यासारख्या मुलीला मिळेलच. पण शेरा माणसाच्या आधी पुढच्या दारात जाऊन बसतो. साहेब बदलून जातात, कारकून निवृत्त होतात, कपाटाला वाळवी लागते, पण नस्तीच्या समासात कोणी तरी घाईने लिहिलेले ‘सहकार्य करीत नाही’ हे तीन शब्द तसेच राहतात, आणि पुढे टिपणी लिहिणारा प्रत्येक जण तेवढेच तीन शब्द वाचतो, बाकीची पाने उलटत नाही. आमच्या बारनिशीतला, म्हणजे टपालाच्या आवक-जावक विभागातला, एक शिपाई साहेबांच्या घरचे दळण आणायला एकदा नाही म्हणाला होता. त्याच्या मागून सहा वर्षांनी लागलेला माणूस त्याच्या आधी वर गेला. का, ते त्याला कोणी सांगितले नाही, आणि सांगायचे असते असे तेव्हा आम्हालाही वाटत नव्हते. पुढे २००८ मध्ये देव दत्त नावाच्या एका अभियंत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद, ती वाईट असो वा बरी, त्या नोकराला कळवलीच पाहिजे. त्या अभियंत्याला तर ‘चांगला’ या शेऱ्यानेच मागे ठेवले होते, कारण वरच्या जागेसाठी ‘अतिशय चांगला’ लागत होता. पण हा निकाल सरकारी नोकरांपुरता. तुमच्याकडे नवी कंपनी जुनीला विचारते, मध्ये पडताळणी करणारी तिसरीच कोणी असते, आणि त्या तिघींत तुझ्याविषयी काय बोलले गेले ते तुझ्या कानावर कधीच येत नाही. आमचा शेरा निदान शाईचा होता, कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते सगळ्यांना ठाऊक होते.

शेऱ्याचे एवढेच. पुन्हा काढणार नाही.

हजेरी हा शब्द मात्र मंगळवारपासून माझ्या डोक्यातून जात नाही. तू चौथीत असताना २६ जूनला शाळेत शाहू महाराजांवर भाषण करायचे होते आणि ते मी लिहून दिले होते. त्यात एक वाक्य असे होते की महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानातील महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरची हजेरी बंद केली. पाठ करता करता तू थांबलीस आणि विचारलेस, ‘बाबा, हजेरी तर बाई आमची पण घेतात, ती का नाही बंद केली?’ आक्का तोंडाला पदर लावून हसत होती. मी काय सांगितले ते मला अजून आठवते, कारण त्या वयात तुझ्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मला येत असे. मी म्हणालो की शाळेतली हजेरी तू शाळेत आलीस की नाही एवढेच विचारते. त्यानंतर ती वही मिटते, आणि घंटा झाल्यावर तू रंकाळ्यावर जातेस की बापूकाकाच्या मळ्यात, याच्याशी बाईंना कर्तव्य नसते. त्या लोकांची वही कधी मिटतच नव्हती. हातून काही घडलेले असो वा नसो, अमक्या जातीत जन्मले म्हणून त्यांनी जाऊन तोंड दाखवायचे आणि आपण जागच्या जागी असल्याची खात्री पटवायची. इंग्रजी मुलखात तर १८७१ पासून त्याचा कायदाच होता, जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदवणारा, आणि तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडले.

तुझ्या त्रासाची त्यांच्या त्रासाशी बरोबरी केलेली शोभणार नाही, हे मला कळते. तुला महिन्याच्या शेवटी पगार मिळतो आणि राजीनामा देण्याची मोकळीक आहे. त्यांना जात सोडून राजीनामा देता येत नव्हता. पण तू कंपनीला जे विचारले आहेस ते चौथीत मला विचारले होतेस तेच आहे, आणि तेव्हा मी ज्या बाजूने उत्तर दिले त्या बाजूने मंगळवारी दिले नाही.

या आठवड्यात तीन दुपारी मी करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसलो. आईला वाटले मी तिला टाळतो आहे. तेही थोडे खरे आहे. तिथे खरक सिंग या माणसाचा खटला वाचला. उत्तर प्रदेशातला हा माणूस दरोड्याच्या गुन्ह्यात पकडला गेला आणि पुराव्याअभावी सुटला, तरी पोलिसांनी त्याच्या नावाची नोंदवही उघडली. मग रात्री-अपरात्री चौकीदार आणि शिपाई दार वाजवणार, हाका मारणार, झोपेतून उठवून तो घरात आहे ना ते पाहणार. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या भेटी तेवढ्या बेकायदा ठरवल्या, पण खासगीपणाचा म्हणून काही हक्क घटनेत नाही असेही सांगून टाकले. ते वाक्य सरकारला ५० वर्षे कामी आले. आधारविरुद्धचा खटला चालला तेव्हाही सरकारी वकिलांनी तेच पुढे केले होते. तो खटला घालणारे पुट्टस्वामी हे निवृत्त न्यायाधीश होते आणि २०१२ मध्ये कोर्टाची पायरी चढले तेव्हा त्यांचे वय ८६ होते. (मी ६२ चा आहे आणि बँकेच्या रांगेत उभे राहायचे जिवावर येते.) २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि खरक सिंग खटल्यातले ते म्हणणे चुकीचे होते.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीतून बाहेर पाहत बसलो. आणीबाणीत, १९७६ साली, विनाचौकशी डांबलेल्या माणसाला कोर्टाकडे दादच मागता येणार नाही असा निकाल पाचांपैकी चार न्यायाधीशांनी दिला होता. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात राहिले आणि पुढे त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले. त्या चारांत आपल्याकडचे यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निकाल चुकीचा होता असे लिहून तो मोडीत काढणारे न्यायाधीश म्हणजे त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड. मुलाने वडिलांचा निकाल खोडला, तोही भर न्यायालयात, कारणे देऊन. तू तर फक्त फोन ठेवलास.

पण सई, न्यायमूर्ती खन्नांचे काय झाले तेही त्याच पुस्तकात आहे. शेरा त्यांनाही चुकला नाही.

पाहिलेस, पुन्हा तेच आले.

तुला वाटत असेल की बाबा जन्मभर सरकारी टेबलाच्या त्या बाजूला बसले, त्यांना या बाजूचे काय कळणार. मला कळते, म्हणूनच मी घाबरतो. २०१८ च्या उन्हाळ्यात मी एका गावी रेशन दुकानाचे दप्तर तपासायला गेलो होतो. एक म्हातारी धान्याला आली होती. दुकानदाराने अंगठ्याचे यंत्र पुढे केले. तिने अंगठा ठेवला, यंत्राने नाकारला. पदराला पुसून ठेवला, नाकारला. दुकानदार म्हणाला, केसांना घास, जरा तेल लागू दे, तिने घासला. मग एकेक करून दहाही बोटे झाली. भांगलणीने आणि उसाच्या पाल्याने तिच्या बोटांची टोके घासून गुळगुळीत झाली होती. त्यावर रेषा म्हणून काही उरलेच नव्हते. शेवटी तिने यंत्राकडे नाही, दुकानदाराकडे नाही, माझ्याकडे पाहिले, कारण खुर्ची मला दिलेली होती. म्हणाली, ‘सायेब, काळम्मावाडीच्या धरणाला जमीन घेतलासा, तवा ह्योच अंगठा चालला न्हवं?’

अंगठा न जुळणाऱ्यांसाठी पर्यायी व्यवस्थेची तरतूद होती. त्याच दिवशी ती लावून देणे माझ्या हातात होते. मी तिच्या अर्जावर ‘नियमानुसार उचित कार्यवाहीस्तव’ असे लिहून सही केली. आमच्या भाषेत त्याचा अर्थ, हा कागद माझ्या टेबलावरून जावा, एवढाच असतो. का, म्हणून विचारशील, तर जेवणाची वेळ झाली होती. दुसरे कारण मला आजवर सापडलेले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आधारचा अंतिम निकाल लागला. अनुदानासाठी आधार राहिले आणि खासगी कंपन्यांना त्यावरून ओळख मागू देणारी मुभा गेली. मी तो निकाल कार्यालयात मोठ्याने वाचून दाखवला होता. त्या म्हातारीचे धान्य पुढच्या महिन्यापासून सुरू झाले, ते माझ्यामुळे नव्हे.

तुझ्या आईची गोष्ट वेगळी आहे. टोलच्या वेळी तू नववी-दहावीत होतीस, तुला थोडे आठवत असेल. शहरातलेच रस्ते, ते एका खासगी कंपनीने २२० कोटींत करायचे आणि ३० वर्षे आपल्याच लोकांकडून वसुली करायची, असा तो करार होता; मळ्यातून मंडईत भाजी आणताना बापूकाकाच्या टेम्पोला फुलेवाडी नाक्यावर पैसे मोजायचे होते. ऐंशी ओलांडलेले एन. डी. पाटील सर आणि कॉम्रेड पानसरे रस्त्यावर उतरले, आणि पेठांतल्या तालमींपासून भिशीच्या बायकांपर्यंत सगळे गाव त्यांच्या मागे गेले. तुझी आई पहिल्या रांगेत होती. मी कोठे होतो ते तुला कधी सांगितलेले नाही. १९७९ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे शासकीय नोकराने निदर्शनात भाग घ्यायचा नसतो, म्हणून मी रस्त्याच्या पलीकडे पानपट्टीच्या आडोशाला डोक्यावर हेल्मेट घालून उभा होतो, जानेवारीच्या उन्हात, काच खाली ओढून. फोटोत आलो तर शेरा पडेल, हीच भीती. आईने मला ओळखले, कारण डाव्या पायावर भार देऊन उभे राहायची माझी सवय तिला ठाऊक आहे. तिने तिथून हात केला. मी मान फिरवली.

नंतर नाके पेटवले गेले ते मला पटले नव्हते आणि आजही पटत नाही. पण २०१५ च्या अखेरीस टोल गेला, हे खरे आहे. त्या आधी फेब्रुवारीत पानसरे गेले होते, गोळ्या घातलेल्या. त्यावर मी इथे काही लिहीत नाही, लिहायला घेतले तर हे पत्र दुसरीकडे जाईल.

मला सांगायचे ते इतकेच की तेव्हा नाक्यावर एक माणूस बसलेला होता. आपल्याच भागातला, पगारी पोरगा, पावतीपुस्तक घेऊन. त्याला ‘देणार नाही’ म्हणता येत होते, तो वरिष्ठांना विचारू लागत होता, मागे गाड्यांची रांग लागत होती आणि त्या रांगेतले लोक खाली उतरून आपल्या बाजूने बोलू लागत होते. मागच्या वर्षी तुला सोडायला सुशांतच्या गाडीतून आलो तेव्हा किणी, तासवडे, आणेवाडी आणि खेड शिवापूर असे चार नाके लागले. चारही ठिकाणी काचेवरच्या फास्टॅगने पैसे भागवले आणि कोणाशी एक शब्द बोलावा लागला नाही. सोय आहे, नाकारत नाही. पण तुझ्या त्या ॲपपुढेही कोणी माणूस बसलेला नाही, आणि तुझ्या मागे रांगही नाही. तुझ्या मजल्यावरच्या बाकीच्यांनी ‘मान्य आहे’ दाबून टाकले आहे. आईच्या पाठीशी अख्खी पेठ होती. तू हिंजवडीच्या त्या काचेच्या इमारतीत एकटी नाही म्हणते आहेस, याची मला धास्ती आहे, आणि खरे सांगायचे तर धास्तीइतकेच दुसरेही काही आहे, ते मला फोनवर बोलता आले नसते.

मी स्वतः काय करतो तेही सांगतो, म्हणजे हिशेब सरळ राहील. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला सुशांतने फोनवरच काढून दिला. फोनने सांगितले डोळे मिटा, मी मिटले. उघडा, मी उघडले. आणि मी जिवंत असल्याचे सरकारला पटले. मी खूश होऊन चार जणांना सांगितले. सिमकार्डाच्या दुकानात आधारच द्या म्हणतात तर आधारच देतो. म्हणजे मी सगळीकडे दिले आहे, बाळ, आणि दिल्यानंतर वाचनालयात जाऊन निकाल वाचतो.

एक प्रसंग मात्र मी विसरलेलो नाही. जून २०२३ मध्ये तू आजारी आक्काला भेटायला आली होतीस आणि घरून काम करत होतीस. ७ तारखेला गावात गडबड झाली, बिंदू चौक, शिवाजी चौक बंद, आणि इंटरनेटही बंद करण्यात आले. इंटरनेट बंद करायचे तर तसा आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, म्हणजे लोकांना त्याविरुद्ध दाद मागता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे. पण तो आदेश वाचणार कशावर, हा आक्काचा प्रश्न होता. दोन दिवसांनी तुझ्या कंपनीने त्या दिवसाची रजा कापली. सरकारने तार तोडली आणि कंपनीने त्याबद्दल तुझी रजा कापली. तू तेव्हा हसलीस. मीही हसलो. आता वाटते, खुलासा तेव्हाच मागायला हवा होता, आणि तो आपण त्यांच्याकडे.

कोर्टाजवळच्या त्या ओळखीच्या वकिलांकडे शुक्रवारी जाऊन आलो. तुझे नाव सांगितले नाही, ‘एका परिचिताची मुलगी’ म्हणालो. ते हसले, म्हणजे ओळखले. त्यांनी सांगितले ते असे. घटनेतला हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध चालतो. कंपनीपुढे तुझ्या हातात करार आणि साधा कायदा. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम गेल्या नोव्हेंबरमध्ये आले, आणि त्यातली कामाची कलमे अजून टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. त्यातही कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवायही माहिती वापरता येईल अशी वाट ठेवलेली आहे, आणि सरकारला तर आपल्या हव्या त्या यंत्रणेला कायद्यातून बाहेर काढता येते. माझ्या मनात आले की घराला कुलूप लावून दोन्ही किल्ल्या नेमक्या त्या दोघांच्याच हाती दिल्या, ज्यांच्यासाठी कुलूप हवे होते. वकील म्हणाले, तरी ‘नोकरीच्या कारणासाठी’ हे शब्द तुझ्याही बाजूचे आहेत. रविवारी दुपारी तू कोठे आहेस यात नोकरीचे कारण कोणते, हे त्यांना लेखी सांगू दे.

म्हणून सोबत एक मसुदा जोडला आहे. त्यात प्रश्न विचारले आहेत: कोणती माहिती घेणार, ती कोठे ठेवणार, किती दिवस, कोण पाहणार, आणि कामाची वेळ संपल्यावर ती घेणे कसे बंद होणार. तुझा वेगळ्या फोनचा प्रस्ताव पुन्हा लिहिला आहे, म्हणजे ‘सहकार्य करीत नाही’ असे लिहायला जागा राहत नाही. त्यांच्या ईमेलमधले हेच शब्द पहिल्या वाक्यात घेऊन खोडून काढले आहेत, कारण कागदावर पहिला शब्द ज्याचा राहतो त्याचे पुढे चालते. उत्तर ऑफिसच्या ईमेलवरून पाठव, पण त्याची आणि त्यांच्या ईमेलची प्रत आपल्या घरच्या ईमेलवर आणि कागदावरही ठेव. रागात एकही ओळ घालू नकोस. कोणत्याही बैठकीला तोंडी बोलावले तर आल्यावर ‘आज असे असे ठरले’ अशी दोन ओळींची ईमेल टाक. आणि त्या मजल्यावर दुसरी एखादी तरी मुलगी असेल, जिने ‘मान्य आहे’ दाबले पण मनातून दाबले नाही, तिला शोध. दोन सह्या असल्या की शेरा एकीच्या नावावर

पुन्हा आलाच. हे वाक्य पुरे करत नाही. आणि मसुदाही तुला नको असेल तर फाडून टाक. तू सल्ला मागितला होतास आणि मी आवक-जावक शिकवायला बसलो. तू २७ वर्षांची आहेस, मला न विचारता पुण्याला खोली घेतलीस आणि ती माझ्यापेक्षा चांगली निवडलीस. सही करायची की नाही ते तुझे. केलीस तरी या घरात त्याबद्दल तुला कोणी काही विचारणार नाही, आणि मी तर विचारूच शकत नाही. नाही केलीस आणि काही झाले, तर हप्ते मी भरेन. जामीनदाराचे ते कामच असते.

उद्या सकाळी सुशांत निघतो आहे, त्याच्याबरोबर हे पत्र, तिळगुळाचा डबा आणि आक्काची शाल पाठवतो. शाल तुला हवी होती हे मला माहीत नव्हते, आईने सांगितले. मी शुक्रवारी पहाटेच्या एस. टी.ने येतो. वर येणार नाही, तुझ्या साहेबांना भेटणार नाही, असे आईला वचन दिले आहे. इमारतीसमोर रस्त्याच्या पलीकडे तो चहाचा गाडा आहे ना, तिथे बसेन. उत्तर पाठवून झाले की खाली ये. हेल्मेट आणणार नाही.

तुझे,
बाबा

ता. क. मसुद्याची शेवटची ओळ ‘तरी कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती’ अशी होती. ती तुझ्या आईने खोडली आहे. पेनाने खोडली आहे, म्हणून डाग दिसतो.